मिनीव्हॅनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स थरथरतोय, बदलण्याआधी काय काय तपासू?

जास्वंदी | सोमवार, रात्री

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण खर्च मोठा आहे आणि हाताशी बाराच दिवस आहेत.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. घरची मिनीव्हॅन २०११ सालची आहे, साडेतीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन आणि पाच गिअरचा ऑटोमॅटिक. ६४ हजार मैल झालेली असताना सेकंडहँड घेतली, आता १ लाख १२ हजार झालेत. इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदलतो. गिअरचं तेल आम्ही कधीच बदललेलं नाही. आधीच्या मालकाने बदललं होतं की नाही, कल्पना नाही.

महिन्याभरापासून ४० ते ४५ मैलांच्या वेगाला, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलका असताना गाडी थरथरते. रस्त्याच्या कडेला झोप उडवणाऱ्या खाचा असतात ना, त्यांवरून चाक गेल्यासारखं दोन-तीन सेकंद होतं आणि थांबतं. पाय जोरात दाबला की लगेच जातं. दुसरी तक्रार म्हणजे पार्कमधून रिव्हर्स टाकला की खालून 'धाड' असा आवाज येतो. मुलगी म्हणते, कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटतं.

गेल्या बुधवारी चेक इंजिनचा दिवा लागला. हायवेजवळच्या एका दुकानात नेली. त्यांनी कोड काढला, पी०७००. दहा मिनिटांत सांगितलं, ट्रान्समिशन गेलं, रिबिल्ट (खोलून दुरुस्त केलेलं जुनं) टाका, ४,३०० डॉलर. तेल बघितलं का विचारलं तर म्हणाले, बघून काय करणार.

आई-बाबा कराडहून आलेत. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी सगळे नायगाराला निघणार होतो, जाऊन येऊन साधारण ८०० मैल. बाबा एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. काल शेजारी बसून त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही खड्ड्याची थरथर नाही पोरी, आणि गिअर सुटतोय असंही नाही. कायतरी धरतंय आणि सोडतंय." त्यांच्या या वाक्यामुळेच इथे विचारायचं ठरवलं.

---

शिकागोकर | सोमवार, रात्री

४,३०० देऊ नका, निदान आज तरी. पी०७०० वरून गिअरबॉक्स गेला असं कुणी म्हणत असेल तर त्याने निदान केलेलंच नाही.

माझा संशय इग्निशन कॉइल किंवा स्पार्क प्लगवर आहे. इरिडियम प्लग साधारण १ लाख मैलांच्या आसपास बदलायचे असतात आणि तुमची गाडी त्यापुढे गेलीय. माझ्या गाडीत अगदी अशीच थरथर होती, सगळे ट्रान्समिशन म्हणाले आणि निघाली एक कॉइल.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, पहाटे (सांगली)

जास्वंदीताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं त्याला आम्ही गॅरेजमध्ये लॉकअपची थरथर म्हणतो. मी २८ वर्षं गिअरबॉक्स खोलले, त्यातली शेवटची १४ ऑटोमॅटिकची.

आधी पी०७०० चं बघू. हा कोड इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये असतो आणि त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी तक्रार नोंदलेली आहे. दारावरच्या शिपायाने सांगावं, साहेबांच्या टेबलावर तुमचा कागद आहे, तसं. कागदावर काय लिहिलंय ते शिपायाला माहीत नसतं. स्वस्तातले बरेच रीडर फक्त शिपायाशीच बोलतात. ट्रान्समिशनचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर मिळवा आणि आतला खरा कोड काढा. पी०७१५ असेल तर इनपुट स्पीड सेन्सर, पी०७२० असेल तर आउटपुटचा, पी०७५० पासून पुढे शिफ्ट सोलेनॉइड (गिअर बदलणाऱ्या विजेच्या झडपा), पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, पी०७४० ते पी०७४४ म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप. यातलं काही चाळीस-पन्नास डॉलरचं काम असतं, काही खरंच गिअरबॉक्स उतरवायला लावतं. आणि कोड पुसू नका! कोडबरोबर त्या क्षणाचा वेग, तापमान, इंजिनवरचा भार साठवलेला असतो. पुसला की पुरावा गेला.

आता थरथर का होते ते थोडं सांगतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं, लोखंडाला लोखंड जोडलेलं नसतं. म्हणून सिग्नलला गाडी गिअरमध्ये असूनही इंजिन बंद पडत नाही. पण तेलातून ताकद देताना थोडी वाया जाते. म्हणून एका ठरावीक वेगानंतर, पाय हलका असताना, आतला एक क्लच दोन्ही बाजू एकमेकींना धरतो. हाच लॉकअप. जुनं तेल झालं की त्यातली घर्षण सांभाळणारी द्रव्यं संपतात. मग तो क्लच एकसारखा धरत नाही, धरतो-सोडतो-धरतो. पाय जोरात दाबला की कॉम्प्युटर लॉकअप सोडतो आणि थरथर जाते. तुमचं वर्णन याला तंतोतंत जुळतं.

तपासायची साधी रीत: रविवारी सकाळी, मागे एकही गाडी नसताना, सपाट रस्त्यावर ४५ ला गाडी एकसारखी ठेवा. थरथर सुरू झाली की डाव्या पायाने ब्रेक अगदी हलका, फक्त मागचा दिवा लागेल इतकाच स्पर्शायचा. लॉकअप सुटतो, आरपीएमचा काटा दोनशे-तीनशेने वर जातो. त्याच क्षणी थरथर थांबली तर संशय लॉकअपकडे.

---

शिकागोकर | मंगळवार, सकाळी

काका, एक हरकत नोंदवतो. ब्रेकची ही चाचणी एकटी पुरेशी नाही. लॉकअप लागलेला असताना इंजिन थेट चाकांशी जोडलेलं असतं, त्यामुळे एखादा सिलिंडर हलकासा मिसफायर होत असेल, म्हणजे त्यात इंधन नीट पेटत नसेल, तर तोही धक्का तेव्हाच जाणवतो. ब्रेकला स्पर्श केला की मध्ये तेल येतं आणि मिसफायरचा धक्काही झाकला जातो. म्हणजे दोन्ही रोगांत चाचणीचं उत्तर एकच येणार. मी स्वतः याच चाचणीवर विसंबून तीन आठवडे फसलो होतो.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी

बरोबर आहे तुमचं, आणि लिहिलंत ते फार बरं केलंत. मी ते सांगायला हवं होतं. मग ताई, स्कॅनर लावाल तेव्हा मोड ०६ मध्ये, म्हणजे गाडीने स्वतः केलेल्या चाचण्यांच्या निकालांत जाऊन प्रत्येक सिलिंडरची मिसफायरची मोजणी बघा. सहाही शून्य असतील तर प्लग-कॉइलचा संशय बराच मागे पडतो. आणि लाइव्ह डेटामध्ये इंजिनचे आरपीएम आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे आरपीएम शेजारी-शेजारी लावा. लॉकअप नीट धरला असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ एकच दिसतात. तो धरतो-सोडतो असेल तर त्यांच्यातला फरक वर-खाली नाचतो. मिसफायरमध्ये तसं होत नाही. स्कॅनर गाडी चालवणाऱ्याने बघायचा नाही, शेजारच्याने बघायचा.

रिव्हर्सच्या आवाजाचं वेगळं बघू. दोन लक्षणं एका वेळी आली म्हणजे रोग एकच असतो असं नाही.

---

मधली आळी | मंगळवार, संध्याकाळी (नागपूर)

माझा सल्ला थोडा उलटा आहे. लाख मैल जुनं तेल बदलू नका! माझ्या मेहुण्याच्या गाडीत असंच तेल बदललं आणि आठवड्याभरात गिअर सुटायला लागला. जुन्या तेलातल्या भुकटीवरच क्लच धरत असतो असं त्यांना मेकॅनिकने सांगितलं.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री

हे मी शेकडो वेळा ऐकलंय आणि यात तथ्य अजिबात नाही असं म्हणणार नाही. पण बहुतेक वेळा क्रम असा असतो: गिअर आधीच सुटायला लागलेला असतो, माणूस घाबरून तेल बदलतो, आणि दोष नव्या तेलाच्या माथी येतो. क्लचच्या चकत्यांचं अस्तर झिजून गेलं असेल तर नवं तेल ते परत उगवून आणणार नाही. मेहुण्यांच्या गाडीत मशीन लावून दाबाने तेल काढलं होतं का? तसं असेल तर साचलेला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेलाचा दाब वाटून देणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत अडकू शकतो. जुन्या, दुर्लक्षित गिअरबॉक्सला मी मशीन कधीच लावलं नाही.

म्हणून ताईंना पहिला प्रश्न: गिअर *सुटतो* का? म्हणजे आरपीएम भर्रकन वर जातात आणि गाडी तशी पळत नाही, असं कधी होतं का? होत नसेल तर दाब न लावता, नुसतं बूच काढून जेवढं तेल येईल तेवढंच बदलायला काही धोका दिसत नाही.

---

रानवारा | बुधवार, सकाळी (पुणे)

तेल कुठलं घालता याला फार महत्त्व आहे, म्हणून एक जुनी गोष्ट. क्रायस्लरने १९८९ च्या मॉडेलपासून मिनीव्हॅनमध्ये ए-६०४ नावाचा इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्स आणला. त्यात सर्रास मिळणारं डेक्सरॉन तेल घातलं की लॉकअप थरथरायचा. त्याला त्यांचं स्वतःचं तेल लागायचं, पुढे एटीएफ प्लस थ्री आणि प्लस फोर आलं. चांगले गिअरबॉक्स निव्वळ चुकीच्या तेलापायी हैराण झाले. त्या गिअरबॉक्सचा आणखी एक स्वभाव म्हणजे कॉम्प्युटरला गडबड वाटली की तो दुसऱ्या गिअरमध्ये अडकून बसायचा, म्हणजे माणूस हळूहळू घरी पोचेल. लोकांना वाटायचं गिअरबॉक्स संपला, आणि कधी कधी नुसता स्पीड सेन्सर गेलेला असायचा.

तेव्हा मॅन्युअलमध्ये जे नाव आहे तेच तेल घ्या. 'सगळ्या गाड्यांना चालतं' लिहिलेली बाटली नको.

एक उपप्रश्न काकांना. माझी गाडी एएमटी आहे, खंबाटकी घाटात पहिल्या-दुसऱ्यात सारखी थरथरते. हाच रोग का?

---

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी

नाही. एएमटीत टॉर्क कन्व्हर्टरच नसतो, तो साधा गिअरबॉक्स आणि साधा क्लच, फक्त पाय आणि हात यंत्राचे. चढावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवत असाल तर क्लचप्लेट जळते. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

---

जास्वंदी | शुक्रवार, रात्री

सगळं करून मग लिहायला बसले.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याकडे ट्रान्समिशन वाचणारा स्कॅनर होता, तो आणला. आतला कोड निघाला *पी०७४१*, टॉर्क कन्व्हर्टर क्लच. साठवलेला वेग ४३ मैल, इंजिन पूर्ण तापलेलं. मोड ०६ मध्ये सहाही सिलिंडर शून्य. शिकागोकर, तरीही प्लग बदलून घेणार आहे, वेळ झालीच आहे.

लाइव्ह डेटा बाबांनी बघितला. मी चालवत होते, ते मागच्या सीटवर चष्मा लावून वहीत लिहीत होते. ३५ मैलांना फरक मोठा, म्हणजे लॉकअप लागलेला नाही. ४३ ला इंजिन १,४०० आणि इनपुट शाफ्ट १,३८०, मग १,२९०, मग १,३७०, मग १,३००. थरथर थांबली की पुन्हा १,३९० च्या आसपास. बाबा एवढंच म्हणाले, "बघ, धरतंय आणि सोडतंय."

गिअर सुटत नाही, चढावरसुद्धा नाही. न्यूट्रलमधून ड्राइव्ह टाकल्यावर गिअर लागायला किती वेळ लागतो ते फोनवर चित्रण करून मोजलं, साधारण एक सेकंद. रिव्हर्सलाही जवळपास तेवढाच.

तेल बघितलं. आमच्या मॅन्युअलमध्ये गाडी तापवून, इंजिन *बंद* केल्यावर दीड मिनिटाच्या आत काडी बघायला सांगितलंय. इतके दिवस मला वाटायचं इंजिन चालूच ठेवायचं असतं. पातळी खालच्या खुणेला टेकलेली. रंग कोऱ्या चहाचा. वास जळका नाही, जुन्या तेलाचा येतो तसा. टिश्यू पेपरवर थेंब टाकला, मध्ये तपकिरी ठिपका राहिला आणि कडेने लालसर वलय पसरलं. चमकणारे कण दिसले नाहीत.

---

कृष्णाकाठ | शनिवार, पहाटे

यापेक्षा नीट तपासणी मी पैसे घेऊनही क्वचित केली असेल. काडी इंजिन चालू ठेवून बघायची, हे पुष्कळ गाड्यांत खरंच असतं. म्हणूनच मॅन्युअल बघायचं. नव्या कित्येक गाड्यांत तर काडीच नसते, तेल ठरावीक तापमानाला आणून खालच्या बुचातून पातळी बघावी लागते.

चांगली बातमी अशी की वास जळका नाही, तेलात धातू नाही, गिअर वेळेत लागतो, सुटत नाही. तेलात पाणी शिरलं असतं तर ते गुलाबी लस्सीसारखं दिसलं असतं, मग रेडिएटरमधला कूलर फुटल्याचा संशय आला असता. तेही नाही. मी तुमच्या जागी असतो तर गिअरबॉक्सला हात लावण्याआधी तेल बदललं असतं.

समजा एकूण तेल ८ क्वार्ट आहे आणि बूच काढल्यावर ३ बाहेर येतं. एकदा बदललं की जुनं ६२ टक्के उरतं, दुसऱ्यांदा ३९, तिसऱ्यांदा २४. म्हणून तीन वेळा, मध्ये दोन-तीनशे मैल चालवून. एकदा करून फरक पडला नाही म्हणून सोडू नका. थरथर घालवायच्या बाटल्या मिळतात, त्या आत्ता नकोत, नाहीतर कशाने फरक पडला तेच कळणार नाही.

काम करताना गाडी चारही बाजूंनी सारखी उचललेली आणि स्टँडवर पक्की हवी, नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही. *आधी तेल भरायचं बूच उघडा, मग खालचं.* वरचं गंजून अडकलं असेल आणि खालून तेल काढून बसलात तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही. निघालेलं तेल मोजा आणि तेवढं घाला, शिवाय पातळी आधीच जेवढी खाली होती तेवढी तूट भरा. खालच्या बुचाला चुंबक असतं. त्यावर करडा, मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर तिथेच थांबा आणि मला लिहा.

रिव्हर्सच्या आवाजासाठी बॉनेट उघडा. बाबांना ब्रेक पूर्ण दाबून, हँडब्रेकही ओढून बसवा आणि पार्क, रिव्हर्स, ड्राइव्ह असं बदलायला सांगा. तुम्ही बाजूला उभ्या राहा, गाडीच्या पुढे किंवा मागे कधीच नाही. इंजिन बोटभर उचललं जात असेल तर माउंट, म्हणजे इंजिनला जागेवर धरून ठेवणारा टेकू, तुटलंय.

नायगाराला जायचं तर भाड्याची गाडी घ्या. वाटेत डोंगर आहेत, गाडीत सात माणसं आणि सामान, आणि लॉकअप धरत नसला की तेल तापतं.

---

मधली आळी | शनिवार, सकाळी

काका, मेहुण्याला विचारलं. मशीन लावूनच केलं होतं, आणि गिअर त्याआधी महिनाभर सुटत होता. माझा सल्ला मागे घेतो.

---

जास्वंदी | सोमवार, रात्री, तीन आठवड्यांनी

उशीर झाला, माफ करा.

नायगारा भाड्याच्या गाडीने करून आलो. आईला बोटीवरचा तो निळा रेनकोट इतका आवडला की कराडला न्यायला पिशवीत ठेवलाय.

आल्यावर पहिल्यांदा तेल बदललं. ३.१ क्वार्ट निघालं. बुचावरचा लेप बाबांनी बोटावर घेतला. अगदी काजळासारखा, मऊ, टोचणारं काही नाही. त्यांनी तो कागदावर पुसून, खाली मैल आणि तारीख लिहून कागद वहीत ठेवला. पहिल्या दिवशी काहीच फरक पडला नाही आणि माझा धीर सुटत चालला होता. २४० मैलांनी दुसऱ्यांदा बदललं. त्यानंतर आजपर्यंत ३५० मैल झाले. थरथर एकदाच आली, पुलाच्या चढावर, तीही जेमतेम. परवा पुन्हा स्कॅनर लावला, ४३ ला फरक १५ ते ३० मध्ये राहतो. पी०७४१ पुन्हा आलेला नाही.

रिव्हर्स टाकल्यावर इंजिन पुढच्या बाजूने चांगलं इंचभर उचललं जात होतं. माउंटच्या खाली काळपट ओघळ होता. मेकॅनिक म्हणाला, आतलं द्रव गळून गेलंय. माउंट बदललं, मजुरीसकट ३१० डॉलर. धाड आवाज पूर्ण बंद. तो गिअरबॉक्सचा नव्हताच.

तेल, माउंट, प्लग सगळं धरून ५०० डॉलरच्या आत झालं.

बाबा पुढच्या महिन्यात परत जाणार आहेत. तिसरं तेल त्यांच्या देखतच बदलायचं असं त्यांनी बजावलंय.

---

शिकागोकर | सोमवार, रात्री

फार बरं वाटलं वाचून. जुने प्लग काढले तेव्हा फट मोजली का?

---

जास्वंदी | मंगळवार, सकाळी

मोजली. सहाही थोड्या वाढलेल्या, पण एकसारख्या.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी

१५ ते ३० म्हणजे लॉकअप धरतोय. पण लगेच खूश होऊन सोडू नका. अस्तर किती उरलंय ते तेल सांगत नाही, दिवस सांगतात. तिसऱ्यांदा बदललं की महिन्यातून एकदा, ४३ च्याच वेगाला, त्याच रस्त्यावर हा फरक वहीत लिहीत जा. आकडा पन्नासच्या वर चढायला लागला तर कन्व्हर्टर थकलाय असं समजायचं, आणि तेव्हा चांगला ट्रान्समिशनवाला शोधायला तुमच्या हातात वेळ असेल.

तिसऱ्या वेळच्या चुंबकाचा फोटो इथे टाका. आणि बाबांचे ते दोन कागदही शेजारी ठेवून, लेप कमी होत गेलाय का ते बघू.